केंद्रक कुणी खाल्लं

आमच्या घरात कोण काय करतं हे मंचरच्या पेठेत कुणालाही विचारा. कांदा-बटाट्याची आडत मुलगा कल्पेश बघतो. गादीवर बसून येईल त्या पावण्याला चहा पाजायचं काम आमचे हे, म्हणजे हस्तीमल शेठजी, बघतात. आणि या दोघांनी काय बघायचं ते मी, उगम, बघते. माझं शिक्षण विचाराल तर चौथी. पाचवीच्या मास्तरांना माझ्याशी बोलणं झेपलं नसतं, म्हणून वडिलांनी वेळीच शाळा सोडवली, असं मी धरून चालते.

तर दोन हजार चार सालची गोष्ट. कल्पेशची थोरली चेतना तेव्हा नववीत होती. एकदा दिवस मावळायच्या आत आमची जेवणं चालली असताना पोरगी म्हणाली, "दादीसा, दहावी झाली की मी सायन्स घेणार. पुण्याला. हॉस्टेलवर राहून."

कल्पेशनं घास हातात धरून माझ्याकडं पाहिलं. सून रिंकूनं वाढता वाढता माझ्याकडं पाहिलं. शेठजींनी संधी साधून तुपाची वाटी जवळ ओढली.

"पुण्याला कशाला?" मी म्हणाले. "इथं कॉलेज नाही? कॉमर्स घे, बापाच्या आडतीवर बस."

"मला पेशी बघायच्यात. तुमच्या-माझ्या अंगात असतात त्या. इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि प्रत्येकीच्या आत एकेक कारखाना चालू असतो."

"डोळ्यांना दिसत नाही ते बघायला पुण्याला जायचं? ते तर मंचरलाही दिसत नाही."

कल्पेश हसला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मला पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नाही आणि बोललेला शब्द मागंही घेता येत नाही. मग मी मधला मार्ग काढला. "पुढच्या महिन्यात घोडेगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे ना? त्यात नंबर आण. आला तर तुझी बॅग मी स्वतः भरून देते. नाही आला तर कॉमर्स. परत सायन्सचं नाव काढायचं नाही."

"हां, असंच ठरलं," कल्पेश म्हणाला, जणू त्यानंच ठरवलं.

खरं सांगायचं तर नंबर येईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या घराण्यात आजवर कुणाचा नंबर आला असेल तर तो दवाखान्यात.

दोनच दिवसांनी पोरगी शाळेतून तोंड पाडून आली. तिचे विज्ञानाचे चांगदेव सर म्हणाले होते, सोपं सांगतो, कांद्याची पेशी करा, घरून एक कांदा आणा. घ्या आता. वखारीत आमच्या कांद्याच्या गोण्या छताला लागलेल्या, पण उंबऱ्याच्या आत आजवर एक कांदा आलेला नाही. जमिनीखालचं आम्हा जैनांत चालत नाही. विकायला चालतं, शिवायला चालत नाही. याच्यात काय विसंगत आहे ते मला कुणी समजावू नये.

"मग प्राण्याची पेशी करते," चेतना म्हणाली.

"प्राण्याची?" मी म्हणाले. आमच्याकडं दिवाळीला साखरेची चित्रंसुद्धा येत नाहीत. हत्ती साखरेचा झाला तरी त्याची सोंड मोडून तोंडात घालायची म्हणजे मनानं हत्ती मारलाच की.

"अहो दादीसा, मॉडेल आहे. बघायचं असतं. ते कुणी खाणार थोडंच आहे?"

ते मला पटलं. पण तिनं थर्माकोल आणून ब्लेडनं कोरायला घेतला, तेव्हा घरभर पांढरे दाणे उडाले. ते झाडूनं जाईनात, ओल्या फडक्यानं निघेनात, आणि शेठजींच्या धोतराला चिकटून गादीवर गेले. मी तिच्या हातातला तुकडा घेतला.

"हे काय आहे?"

"तंतुकणिका."

"उंदरानं कुरतडलेलं खोबरं वाटतंय. ह्याच्यावर आपल्या घराण्याचं नाव लिहिणार? ठेव ते. पेशीत काय काय असतं ते मला नीट सांग. आपण खाण्याचं करू. तू आकार सांग, पदार्थ मी सांगते."

आमच्याकडं दर हिवाळ्यात पापड लाटायला डिंभ्याहून ठमाबाई येते. तीस वर्षं येते. एसटी आली तर सकाळी येते, नाही आली तर दुपारी येऊन एसटीला शिव्या देते. मला तोंडावर बोलणारी तालुक्यात ती एकटीच आहे, म्हणून मी तिला टिकवली. तर मी, ठमाबाई आणि चेतना अशा तिघी पुस्तक उघडून स्वैपाकघरात बसलो.

"हे मधलं गोल म्हणजे केंद्रक," चेतना म्हणाली. "कुणी काय करायचं, कधी करायचं, सगळे हुकूम इथून सुटतात."

"म्हंजी शेठाणी," ठमाबाई म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हणाले. मला त्यात चेष्टा वाटली नाही. "मग ते ठसठशीत पाहिजे. मोसंबीएवढा बुंदीचा लाडू करू."

"आणि ह्या लांबट तंतुकणिका. अन्नातून ताकद काढून पेशीला पुरवतात. आत घड्या असतात, एकावर एक."

"पदर सुटलेले पाहिजेत? मग चिरोटा. आडवा कापला की आतले पदर दिसतात."

"ही आंतर्द्रव्यजालिका. पेशीतला माल हिच्यातून इकडून तिकडं जातो."

"एवढं नाव घेईतोवर घेवर तळून निघतो," मी म्हणाले. "जाळीच हवी ना? घेवरासारखी जाळी जगात दुसरी नाही."

तिच्यावर म्हणे बारीक दाणे चिकटलेले असतात, रायबोझोम, ते प्रथिनं तयार करतात. तिथं राजगिरा लावायचं ठरलं. मग आली गॉल्गी. चपट्या पिशव्यांची चळत, तयार झालेला माल बांधून जिकडचा तिकडं रवाना करणारी. ठमाबाई म्हणाली, हे काम माझ्याकडं द्या, आणि तिनं रुपयाएवढे मुगाचे पापड लाटून, भाजता भाजता वाकवून, एकावर एक असे रचले की मी सुद्धा नाव ठेवू शकले नाही. ठेवायचा प्रयत्न केला. साठवणीच्या रिक्तिकेला पाणीपुरीची पुरी घेतली.

"आता राहिली लयकारिका," चेतना म्हणाली. "जुनं, मोडकं, टाकाऊ, पेशीत जे सापडेल ते खाऊन पचवते. आणि पेशी मरायला टेकली की पेशीलाच खाते."

ठमाबाईनं मान लांब करून बाहेर गादीकडं पाहिलं. "शेठ."

त्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की शेठजींनी तिथून विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, तुमची पेशी सापडली." लयकारिकेला माझ्या हातच्या अनारदाण्याच्या पाचक गोळ्या घेतल्या. पचवायचंच काम आहे, तर गोळी खरी पाहिजे.

सगळ्याच्या बुडाशी पेशीद्रव्य म्हणून पितळी परातीत नारळाच्या बर्फीचा जाड थर दिला, आणि लाडू पक्का बसावा म्हणून मध्ये वाटी दाबून खळगा केला. कडेनं करंजीसारखी मुरड घातली. ते प्रद्रव्यपटल. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, ते बघणारं. ठमाबाई तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "ते पण मीच."

भांडण झालं ते रंगावरून. चेतनाला बर्फी फिकी पिवळी पाहिजे होती, पुस्तकात तशी होती. मी म्हणाले, फिका रंग आजाऱ्याला शोभतो, आणि मिठाईवाल्याकडचा लाल रंग ओतला. बर्फी लालबुंद झाली. "दादीसा, अशी पेशी नसते हो," ती म्हणाली. मी म्हणाले, "तू सगळ्या पाहिल्यास का?"

तीन दिवस आम्ही खपलो. प्रत्येक पदार्थावर काडीला कागदी झेंडा लावून चेतनानं सुरेख अक्षरात नाव लिहिलं. लाडू तिनं स्वतः वळला. चार वेळा मोडून पाचव्यांदा वळला, मला पसंत पडेपर्यंत. पोरीच्या हातात गोलाई आहे, हे मला तेव्हा कळलं. तिला सांगितलं नाही.

प्रदर्शनाचा दिवस नेमका चौदशीचा आला. माझा उपवास, उकळून गार केलेलं पाणी तेवढं घ्यायचं, तेही दिवस असेतोवर. कल्पेशनं जीप काढली. पुढं शेठजी, मागं परात मांडीवर घेऊन मी, माझ्या एका बाजूला चेतना, दुसऱ्या बाजूला ठमाबाई. घोडेगावपर्यंत मी परातीला आणि कल्पेशला सारखी सांभाळत होते. "खड्डा! अरे खड्डा बघ! तंतुकणिका हलली!"

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. डिंभ्याच्या पोरांनी धरण केलं होतं, खरं पाणी सोडून, आणि ते शेजारच्या ज्वालामुखीत गळत होतं. एका पोरानं लेण्याद्रीच्या गणपतीच्या पायऱ्या चढणारा रोबो केला होता, तो तिसऱ्या पायरीवरून सारखा खाली पडत होता. आमच्या टेबलाभोवती गर्दी झाली. बघणारा म्हणायचा, "आयला, घेवर!" मी म्हणायची, "आंतर्द्रव्यजालिका म्हणायचं."

परीक्षक चार वाजता यायचे होते. साडेतीनला लोडशेडिंग झालं. निम्मी मॉडेलं विजेवरची, त्यामुळं परीक्षक हेडमास्तरांच्या खोलीत चहा पीत बसले. साडेचार झाले, पाच झाले. माझं पाणी जीपमध्ये राहिलं होतं. ते आणायला मी उठले, चेतना सोबत निघाली. ठमाबाई गाववाल्यांचं धरण बघायला गेली. कल्पेश बाहेर कुणा ओळखीच्याशी बटाट्यावर बोलत होता. मी शेठजींना टेबलाशी बसवलं.

"कुणी हात लावला तर हात मोडायचा. समजलं का?"

"समजलं," ते म्हणाले.

आम्ही परत आलो तर परातीच्या मधोमध खळगा. नुसता खळगा. 'केंद्रक' लिहिलेला झेंडा चिरोट्याला टेकून आडवा पडलेला. शेठजी छताचा बंद पंखा निरखत होते.

"केंद्रक कुठंय?" मी विचारलं.

"कोण?"

"लाडू!"

"एक पोरगा आला होता. उंच होता. मी ओरडलो, पण..."

"मिशीत बुंदी आहे."

त्यांनी मिशी पुसली. दोन दाणे पडले, ते उचलून त्यांनी तोंडात टाकले. सवय. मग म्हणाले, "उगम, उपवास तुझा आहे. माझा नाही. तीन तास समोर लाडू ठेवून माणसाला बसवतात का?"

"साखर आहे तुम्हाला! डॉक्टरनं चहात सुद्धा बंद केलीय! आणि नातीचं केंद्रक, अख्खं? अर्धं ठेवलं असतंत तर मी वळवून बसवलं असतं!"

"अर्ध्यावर तू ओळखलंच असतंस," ते म्हणाले. "म्हणून संपवलं."

चेतना रडली असती तर बरं झालं असतं. मी शेठजींवर आवाज चढवून वेळ मारून नेली असती. पण ती रडली नाही. बाकावर बसली आणि एकेक झेंडा उपटून हातात गोळा करायला लागली. "राहू दे, दादीसा," म्हणाली. "केंद्रक नाही तर काय दाखवू? मी कॉमर्स घेते."

आता इथं मी खरं सांगते, कारण खोटं बोलावं असं मला कुणाचं भय नाही. क्षणभर माझ्या मनात आलं, बरंच झालं. पोरगी घरात राहील. माझ्यावर बोल येणार नाही, लाडू काय मी खाल्लेला नाही. पण तिच्या मुठीतले ते झेंडे दिसत होते. एवढं सुरेख अक्षर, आणि आडतीच्या वहीत जाणार.

मी जरा रागानंच विचारलं, "केंद्रकाशिवाय पेशी नसतेच का? अख्ख्या अंगात एकही?" उत्तर 'नसते' असंच येणार, अशी माझी खात्री होती. घरात मी नसले तर दुपारपर्यंत कुणाला मीठ सापडत नाही.

"नसते," चेतना म्हणाली. मग थांबली. "असते. एक असते. रक्तातली तांबडी पेशी." ती उठून परातीपाशी आली. "गोल असते. लाल असते. आणि मध्ये दबलेली असते, खळगा असल्यासारखी. दादीसा! तुम्ही लाल रंग घातलात!"

"मग? उगाच घातला का?" मी म्हणाले.

"पण तिच्यात केंद्रकच नव्हे, बाकीचंही काही नसतं. तंतुकणिका नाही, गॉल्गी नाही, जालिका नाही. हाडांच्या आतल्या मज्जेत ती तयार होते तेव्हा सगळं असतं. मग आधी केंद्रक बाहेर टाकते, आणि मग आतलं एकेक संपवत जाते. प्राणवायू वाहायला जागा व्हावी म्हणून."

"म्हणजे घरातलं सगळं सामान संपवून हमालीला निघते."

"हो."

मी माझ्या चिरोट्यांकडं पाहिलं. असे पदर मंचरमध्ये दुसरीच्या हातून सुटत नाहीत, हे मी म्हणत नाही, मंचर म्हणतं. तीन दिवसांचं काम. तेवढ्यात लाइट आली, पंखे फिरले, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला परीक्षक आत शिरले.

"काढा सगळं," मी म्हणाले.

काढून ठेवायचं कशात? डबा नव्हता. घेवर पाकातला, पिशवीत घातला तर गळणार. बाकीच्या पोरांना वाटावं तर लगेच बोभाटा, मंचरवाल्यांनी मॉडेल वाटून टाकलं. आणि अन्न फेकायचं आमच्यात नाही. राहिला एकच मार्ग. मी कल्पेशला बाहेरून ओढून आणलं.

"खा."

"काय?"

"तंतुकणिका. अकरा आहेत."

ठमाबाईपण धावत आली. "मी हाय की! घेवर हिकडं द्या."

कल्पेशनं चिरोटा तोंडाजवळ नेला आणि थांबला. माझाच पोरगा. "आईसा," म्हणाला, "ही प्राण्याची पेशी आहे ना?"

झालं. साखरेचा हत्ती ज्या घरात येत नाही, त्या घरात माणसाची पेशी, तीही चौदशीला. हॉलमध्ये परीक्षक धरणापाशी पोचले होते. कल्पेश चिरोटा हातात धरून उभा. मी मोठ्यात मोठा विचार लहानात लहान वेळात केला.

"चेतना, वनस्पतीच्या पेशीत तंतुकणिका असतात का?"

"असतात."

"गॉल्गी? जाळी?"

"सगळं असतं, दादीसा."

"मग परातीतून बाहेर काढलेलं सगळं वनस्पतीचं. ऐकलं का? आत आहे तोवर प्राणी, बाहेर आलं की वनस्पती."

"पण चौदशीला हिरवं चालत नाही," कल्पेश म्हणाला.

"वाळलेल्या मुगाची पेशी आहे! खा मेल्या, दिवस मावळायला आला!"

खिडकीत सूर्य शाळेच्या पत्र्यावर टेकला होता. मावळला की आमच्यातल्या कुणाला घास घेता येणार नाही. कल्पेश मान खाली घालून मूग समजून चिरोटे खायला लागला. ठमाबाईनं जाळी मोडून राजगिऱ्यासकट तोंडात भरली. "लई ग्वाड हाय तुमची आंतर... आंतर... जाऊ द्या, मला न्हाई बाई तुमचं बंधन, ऱ्हायलं तर मी अंधारात बी खाईन."

"परीक्षक अंधाराला थांबणार आहेत का? चावत बोलू नकोस, गिळ."

शेठजींनी हळूच हात पुढं केला. मी त्यांच्या हातावर गॉल्गीचे पापड ठेवले, गोड नव्हते म्हणून. वर लयकारिका दिल्या, सगळ्या सातही. "तुम्ही केंद्रक खाल्लंत तेव्हा ते परातीत होतं, म्हणजे प्राणीच होतं. घरी गेल्यावर त्याचं प्रायश्चित्त बघू."

मला उपवास. मी माझ्या हातचे अकरा चिरोटे दुसऱ्यांच्या तोंडात जाताना मोजत उभी राहिले. "कसा झालाय?" मी कल्पेशला विचारलं. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, नुसता पदर बाहेर आला. एवढी पावती पुरे.

परातीत आता जागोजाग खड्डे राहिले होते. ठमाबाईनं पुरीही मटकावली, तुपाचा हात बर्फीवर फिरवला, आणि तीस वर्षं पापड लाटणारा तो हात दोन फेऱ्यांत सगळं गुळगुळीत करून गेला. लाल, गोल, मध्ये दबलेली. चेतनानं एका झेंड्याच्या पाठीवर लिहिलं, 'तांबडी रक्तपेशी', आणि मुरडीत खोचला.

परीक्षक आले. जुन्नरच्या कॉलेजातल्या एक मॅडम होत्या, चष्म्याला दोरी लावलेल्या, आणि सोबत दोन सर. मॅडमनी परात पाहिली, मग आम्हाला पाहिलं. कल्पेशचे गाल फुगलेले, ठमाबाईच्या हनुवटीवर राजगिरा, शेठजी डोळे मिटून पोट धरून बसलेले.

"फक्त एवढंच?" मॅडम म्हणाल्या. "इतरांनी पेशीचे सगळे भाग दाखवलेत. तुझ्या पेशीत काहीच नाही."

"काही नाही हेच दाखवायचं आहे, मॅडम," चेतना म्हणाली. तिनं खळग्यावर बोट ठेवलं. "हिच्यात आधी सगळं होतं." आणि तिनं धडाधडा सांगितलं. केंद्रक काय करतं, ते नसलं तर काय अडतं. तंतुकणिका स्वतःसाठी प्राणवायू वापरतात, म्हणून वाहून नेणाऱ्या पेशीत त्या ठेवून चालत नाही. मध्ये दबलेली का, तर त्यानं पृष्ठभाग वाढतो आणि बारीक नळीतून वाकून जाता येतं. मी तीन दिवस स्वैपाकघरात ऐकलं होतं त्याच्या दुप्पट ती बोलली. हे तिनं कधी वाचलं, आम्हाला पत्ता नाही.

मॅडम परातीवर वाकल्या. त्यांनी बोटानं मुरडीच्या आतून एक चिरोट्याचा पापुद्रा उचलला. "आणि हे काय?"

मी ठमाबाईकडं डोळे वटारले.

"तो तंतुकणिकेचा राहिलेला तुकडा आहे," चेतना म्हणाली. "ही पेशी नुकतीच मज्जेतून बाहेर आलीय, मॅडम. शेवटची आवराआवर अजून चालू आहे."

मॅडमनी पापुद्रा पाहिला. कल्पेशकडं पाहिलं, तो अजून चावत होता. "हो," त्या म्हणाल्या, "चालू दिसतेय." आणि पहिल्यांदा हसल्या. जाताना त्यांनी तो पापुद्रा तोंडात टाकला. "चिरोटा कुणी केला?"

"मी," मी म्हणाले. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

सात वाजता निकाल लागला. पहिला नंबर डिंभ्याच्या धरणाचा, गळत असूनही. दुसरा ज्वालामुखीचा, भिजूनही. तिसरा रोबोचा. मग सरांनी कागद उलटा केला आणि वाचलं, "उत्तेजनार्थ, कुमारी चेतना कल्पेश, मंचर. तांबडी रक्तपेशी."

परतीला पुन्हा तसेच जीपमध्ये बसलो. चेतनाच्या मांडीवर प्रमाणपत्र होतं, माझ्या मांडीवर परात. ठमाबाईलाच दम निघेना.

"उत्तेजनार्थ म्हंजी नंबर व्हतो का न्हाई, शेठाणी?"

कल्पेशनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. चेतना खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा कान माझ्याकडं होता.

मी विचारलं, "ती तुझी तांबडी पेशी केंद्रकाशिवाय किती दिवस काढते?"

"एकशेवीस, दादीसा."

"एकशेवीस!" मला वाटलं होतं, सांगेल दुपारपर्यंत. "म्हणजे चार महिने. अख्खा चातुर्मास झाला की. बिनकेंद्रकाची?"

"हो. आणि सारखी कामावर असते. दिवसरात्र."

मी परात मांडीवर नीट बसवली. 

"उत्तेजनार्थ हा नंबर आहे," मी म्हणाले. "कागदावर नाव छापलं की नंबर. परीक्षकांनी माझा चिरोटा खाल्लाय, त्यांना पारख नाही असं मी म्हणू शकत नाही. दहावीनंतर पुण्याला जायचं. पण एकशेवीस दिवसांच्या आत घरी यायचं, तोंड दाखवायचं. एकशे एकविसावा दिवस उजाडला तर मी हॉस्टेलच्या दारात उभी राहीन. परात घेऊन."

चेतनानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. केसांना तुपाचा वास येत होता. मी म्हणाले, "सरळ बस, बर्फी मोडेल." पण सरकले नाही.

"हां, असंच ठरलं," पुढून कल्पेश म्हणाला.

पुढच्या सीटवरून कण्हल्याचा आवाज आला. "उगम," शेठजी म्हणाले, "पोट धरलंय. एखादी पाचक गोळी आहे का?"

"सात होत्या. तुम्हीच खाल्ल्यात. आणि असती तरी दिवस मावळलाय."

"मग मी काय करू?"

"काही करू नका," ठमाबाई म्हणाली. "आत सात जणी कामाला लागल्यात, शेठ. त्यांना काम करू द्या."